गॅस्ट्रॉनॉमीत मास्टर्स करायचंय? इटलीच्या आधी चटणीच्या डंकावर जाऊन ये

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातली मुलगी, बीएचएमसीटी म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटची पदवी झालेली. तीन वर्षं पुण्यात एका मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये काढून आता घरच्या खानावळीत वडिलांच्या हाताखाली आहे. तिला गॅस्ट्रॉनॉमी आणि खाद्यसंस्कृती या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचंय, शक्यतो परदेशात. हा अभ्यासक्रम नेमकं काय शिकवतो, कुठं करावा आणि करून पोट भरतं का, हे ती विचारते. वडिलांचं म्हणणं, "तांबडा-पांढरा करणाऱ्याच्या पोरीनं जेवण शिकायला इटलीला कशाला जायचं?"

मी मानवशास्त्राच्या वाटेनं या विषयात आले. माझं बहुतेक काम पिकं, पदार्थ आणि बाजार यांच्या नोंदी करण्याचं, भौगोलिक मानांकनाच्या (जीआय, म्हणजे मालावर त्या भागाच्या नावाचा कायदेशीर हक्क) अर्जांना लागणारी कागदपत्रं जमवण्याचं, आणि अलीकडे मास्टर्सच्या मुलामुलींचे प्रबंध वाचण्याचं. तेव्हा तुझ्या वडिलांपासूनच सुरुवात करते, कारण ते बरोबर बोलतायत. जेवण करायला शिकायचं असेल तर अजिबात जाऊ नकोस. ते तुमच्या चुलीपाशी जास्त चांगलं शिकशील, शिवाय फुकट.

या अभ्यासक्रमांत स्वयंपाक जवळजवळ शिकवतच नाहीत. बोस्टन विद्यापीठातला गॅस्ट्रॉनॉमीचा मास्टर्स ज्युलिया चाइल्ड आणि जाक पेपँ या दोन नावाजलेल्या स्वयंपाक्यांच्या पुढाकारानं उभा राहिला, पण तिथंही मुख्य अभ्यास इतिहासाचा, मानवशास्त्राचा, अन्नधोरणाचा. हातात सुरी घ्यायचे वर्ग वेगळे आहेत. हॉटेल मॅनेजमेंटची मुलं इथंच फसतात. त्यांना वाटतं बीएचएमसीटीची ही पुढची पायरी आहे. प्रत्यक्षात जिनाच दुसरा आहे.

तुमच्या खानावळीतला पांढरा रस्सा घे. मटणाचं अळणी पाणी, त्यात नारळाचं दूध, खसखस-तीळ-काजूचं वाटण, खडा मसाला. गिऱ्हाइकानं विचारलं की आपण छातीठोकपणे सांगतो, हा खास कोल्हापूरचा, पूर्वापार चालत आलेला. आता एकेक जिन्नस बाजूला काढून ठेव. काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणलेला. आज आजरा-चंदगडात पिकतो म्हणून घरचा वाटतो. नारळ घाट चढून येतो. खसखस अफूच्या बोंडातली, आणि अफूची शेती मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यावर होते. उरलेली गरज परदेशातून भागते. तांबड्याचं तेच. मिरचीही अमेरिका खंडातून त्याच गलबतांनी आली. त्याआधी इथला तिखटपणा मिरीचा, आल्याचा, पिंपळीचा होता. ज्याला आपण मातीतलं जेवण म्हणतो, त्यात कोल्हापूरची माती किती आणि बाजारपेठ किती, हे बघायला बसलीस की विषय सुरू झाला.

यावर काहीजण हिरमुसतात, काहीजण चिडतात. अभ्यासक्रम दोन्ही करायला सांगत नाही. तो विचारायला लावतो की काजू वाटणात कधी आला? राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून बाहेर पडला की खानावळींनी दाटपणासाठी घातला? तांबडा आणि पांढरा एकाच ताटात शेजारी-शेजारी वाढायची पद्धत घरची की हॉटेलची? मटणाचा सगळा अर्क दोन रश्श्यांत काढून ताट भरवणं ही श्रीमंती की काटकसर? मला विचारशील तर काटकसरीची शक्यता मोठी आहे, पण माझ्या वाटण्याला प्रबंधात किंमत नाही. कागद लागतो, नाहीतर माणसांच्या नीट घेतलेल्या आठवणी लागतात.

कागदाची गंमत पुढं आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या मानसोल्लासात अन्नभोग नावाचं प्रकरण आहे, त्यात मांसाच्या कृती सविस्तर दिल्यात. कोल्हापूरचे शिलाहार चालुक्यांचे मांडलिक. तेवढ्यावरून आपल्या रश्श्याची वंशावळ थेट सोमेश्वरापर्यंत नेऊन भिडवणारे लोक भेटतात. मधली सात-आठशे वर्षं कुठं गेली, हे विचारायचं नसतं! अशा ठिकाणी 'थांब' म्हणायला शिकवणं हा या पदवीचा खरा उपयोग. 'जगात भारी कोल्हापुरी' हे सहामाही परीक्षेच्या आत सुटतं, आणि सुटलं नाही तर फी वाया गेली म्हणून समज.

म्हणून माझं पहिलं सांगणं: आधी प्रश्न ठरव, मग पदवी. प्रश्न कोणत्या जातीचा आहे त्यावर विद्यापीठ ठरतं.

इतिहासाचा प्रश्न असेल तर तुला दफ्तरात बसावं लागेल. कोल्हापूर संस्थानचं दफ्तर इथल्याच पुराभिलेखागारात आहे, आणि जुना भाग मोडी लिपीत. मोडी येत नसेल तर परदेशातला सर्वांत महाग कोर्सही तुला ते रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, वाचून दाखवणार नाही. मोडी शिकवणारे वर्ग कोल्हापुरात होतात, खर्च किरकोळ. इतिहासाच्या आणखी मागं जायचं असेल तर पुरातत्त्वासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज. इनामगावच्या उत्खननात तिथल्या लोकांनी जळून कोळसा झालेल्या दाण्यांवरून तीन हजार वर्षांपूर्वीचे लोक बार्ली, मसूर, कुळीथ खात होते हे दाखवलं. आपल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा रोमन बनावटीची पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी मूर्ती आणि ब्राँझची भांडी निघाली. टाऊन हॉल म्युझियममध्ये शाळेच्या सहलीत ती मूर्ती बघितली असशीलच. आता भांड्यांसाठी परत जा. पंचगंगेच्या काठी रोमन भांडं कोणाच्या घरात, कशासाठी असेल, हा प्रश्नही खाद्यसंस्कृतीचाच.

प्रश्न विज्ञानाचा असेल तर वाट निराळी. गुळाचं उदाहरण देते, कारण ते तुझ्या दारातलं आहे आणि त्यात सगळंच येतं.

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गुऱ्हाळावर एकदा पूर्ण दिवस बसून बघ. रस काहिलीत पडतो, खाली चुलवाणात चिपाड जळत असतं, जाळव्या जाळ कमी-जास्त करतो. रानभेंडीचा चिकट रस टाकला की मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. रस आटत १०५-१०६ अंशांना आला की काकवी. तिथं थांबायचं नसेल तर ११८च्या आसपास जाईपर्यंत गुळव्या काहिलीवरून नजर हलवत नाही. त्याच्याकडं तापमापक नसतो. तो बुडबुड्यांचा आकार बघतो, पाकाचा थेंब गार पाण्यात सोडतो, बोटांत धरून गोळी होते का पाहतो. गोळी भांड्याच्या कडेवर आपटून आवाज ऐकणारेही आहेत. मग 'उतरा' म्हणतो, आणि काहील वाफ्यात रिकामी होते. मिनिटभर उशीर झाला तर गूळ करपतो, मिनिटभर आधी उतरला तर पावसाळ्यात पाझरतो.

इथं तीन वेगवेगळे विद्यार्थी तीन वेगळ्या गोष्टी लिहून घेतील. विज्ञानाची विद्यार्थिनी तापमान, रसातली साखर आणि रंग मोजेल. मानवशास्त्राची विद्यार्थिनी विचारेल की गुळव्याचं हे ज्ञान कोणाकडून आलं, त्याच्या मुलाला ते हवंय का, आणि जाळव्याला गुळव्यापेक्षा किती कमी मिळतं. इतिहासवाली शाहूपुरीच्या गूळ बाजारपेठेकडं जाईल. ती पेठ शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवली. तिथून राधानगरी धरण, बारमाही पाणी, ऊस, सहकारी कारखाने असा धागा ओढत ती येईल आणि दाखवेल की गुऱ्हाळं कारखान्यांपुढं का हटली. सिडनी मिंट्झ या अमेरिकी मानवशास्त्रज्ञानं कॅरिबियन बेटांतल्या उसाच्या मळ्यांवरून ब्रिटनच्या चहाच्या कपापर्यंत साखरेचा असाच माग काढला, ते १९८५ मध्ये छापून आलं. या विषयाच्या प्रत्येक विद्यापीठात ते वाचावं लागतं. कोल्हापूरच्या मुलीला ते वाचताना जे दिसेल ते लंडनच्या मुलीला दिसणार नाही. त्या वर्गात तुझं भांडवल हेच.

बाजारात पांढराशुभ्र गूळ दिसतो तो हायड्रॉस हे रंग उडवणारं रसायन टाकलेला, हे तुला माहीत आहे. 'चवीत फरक कळतो' असं सगळे म्हणतात. खरंच कळतो का, हे तपासायची साधी पद्धत पहिल्याच सत्रात शिकवतात. तिला त्रिकोणी चाचणी म्हणतात. तीन वाट्या, दोन वाट्यांत एकच गूळ आणि तिसरीत दुसरा. वाट्यांवर नाव नाही, फक्त तीन आकडी सांकेतिक क्रमांक. रंगावरून ओळख पटू नये म्हणून लाल दिव्याखाली. खाणाऱ्यानं वेगळी वाटी दाखवायची. डोळे झाकून बोट ठेवलं तरी तिघांत एकदा बरोबर येणारच, म्हणून २४ जणांत किमान १३ जणांनी बरोबर ओळखलं तरच फरक कळतो असं धरता येतं. हे तू उद्या खानावळीत करू शकतेस. तुझ्या वडिलांच्या दोन चटण्या घे आणि रोजच्या गिऱ्हाइकांवर लाव. निकाल वडिलांना सांगायचा की नाही, ते तू बघ.

हे सगळं फार गोंडस वाटायला लागलं असेल तर आता खडा मारते. खाद्यसंस्कृतीचा अभ्यास जातीशिवाय होत नाही. आपल्याकडं या विषयावर जे बोललं-लिहिलं जातं त्यातलं निम्मं आजीच्या हातचं, सणाचं, केळीच्या पानाचं असतं. कोणाची आजी, हे विचारलं की वातावरण गढूळ होतं. कोल्हापूरनं तर हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी भर रस्त्यावर विचारला. गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या पाठबळावर चहाचं हॉटेल काढलं, नाव सत्यसुधारक. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. महाराज गाडी थांबवून स्वतः तिथला चहा प्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. एका कपात सत्ता, धर्म, नोकरी, लाज सगळं आलं. परदेशातल्या प्राध्यापकाला सहभोजनाचं राजकारण समजावून सांगायला तुला याहून नेमकं उदाहरण मिळणार नाही.

तीच गोष्ट वसतिगृहांची. शाहू महाराजांच्या काळात मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशी जातीधर्मवार बोर्डिंगं कोल्हापुरात उभी राहिली. त्यांच्या इमारतींचा आणि विद्यार्थ्यांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला. स्वयंपाकघरांचा कोणी लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. कोठीत काय यायचं, आचारी कोणत्या जातीचा, सणाला काय, परगावच्या पोराला पहिल्यांदा कोणती चव परकी वाटली? यावर एखादीनं काम केलं तर मी तो प्रबंध रात्री जागून वाचेन.

शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ मध्ये आलं. मराठवाड्यातल्या दलित घरांतलं खाणं त्यात त्यांनी कृतींसकट मांडलं. २०२४ मध्ये ते इंग्रजीत गेलं आणि मग आपल्याकडच्या इंग्रजी वाचणाऱ्यांनाही ते दिसलं. ते वाचल्याशिवाय अर्ज लिहायला बसू नकोस. आणि वाचून झाल्यावर तुझ्याच तालुक्यात असं काय आहे जे कोणत्याही पाकपुस्तकात नाही, याची यादी कर. छापील पाकपुस्तकं बहुतेक मुंबई-पुण्याच्या लिहित्यावाचत्या घरांतून आली, त्यामुळं त्यांत जे नाही ते नव्हतंच, असं समजायचं नसतं.

कोल्हापूर म्हणजे मटण, हेही पर्यटकाला विकायचं चित्र आहे. ते खोटं नाही, अर्धं आहे. शिरोळ-हातकणंगल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे जैन आहेत, लिंगायत घरं आहेत. तिथं मटण सोड, कित्येक घरांत चातुर्मासात कांदा-लसूण बंद. रेणुकेच्या आंबील यात्रेचा नैवेद्य घे: आंबील, भाकरी, वरणं-वांग्याची भाजी, कांद्याची पात, गाजर. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ घे, त्यालाही मानांकन आहे. गंगावेशीचा दूध कट्टा घे, जिथं म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध ग्लासात मिळतं. तालमीतली पोरं, थंडाई, खुराक, पैलवानाच्या खुराकाला पैसा कोण पुरवतं... हा तर वेगळाच प्रबंध. आणि मटणच घ्यायचं असेल तर कृती सोड, दर घे. २०१९ च्या अखेरीला मटणाच्या भाववाढीविरुद्ध कोल्हापुरात कृती समिती झाली, आंदोलन झालं, दुकानं बंद राहिली, चर्चेच्या फेऱ्या झाल्या. मटणाच्या किलोच्या दराला एखादं शहर नागरी हक्कासारखं का भिडतं? हे शीर्षक घेऊन आलीस तर कोणत्याही मुलाखतीत समोरचा पुढं सरकून बसेल.

आता विद्यापीठांकडं येते. इथं मी भराभर जाते, कारण माहिती त्यांच्या संकेतस्थळांवर असते आणि ती दरवर्षी बदलते.

इटलीतलं पोलेंझो हे स्थानिक, पारंपरिक अन्नाच्या बाजूनं उभ्या असलेल्या स्लो फूड चळवळीनं २००४ मध्ये काढलेलं विद्यापीठ, पिडमाँट भागात, ब्रा गावाजवळ. तिथं शेतकरी, चीजवाले, वाईनवाले यांच्याकडं अभ्यासदौरे भरपूर. लोक जोडायचे असतील, पुढं उत्पादन किंवा पर्यटनात उतरायचं असेल तर उत्तम. सैद्धांतिक खोली हवी असेल तर माझी पसंती तिथं नाही. लंडनच्या सोआस या आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासाच्या विद्यापीठात अन्नाच्या मानवशास्त्राचा एमए आहे, दक्षिण आशिया समजणारे लोक तिथं आहेत, पण वाचन अंगावर येतं. न्यूयॉर्क विद्यापीठात फूड स्टडीजचा मास्टर्स १९९६ मध्ये पोषणतज्ज्ञ मॅरियन नेसल यांच्या काळात सुरू झाला. तिथला कल पोषण, धोरण, शहर यांच्याकडं. फ्रान्समधल्या तूर शहरात अन्नाच्या इतिहासाचं मोठं केंद्र आहे, पण फ्रेंच आली तर त्याचा पूर्ण उपयोग. स्पेनच्या सान सेबास्तियनला बास्क कलिनरी सेंटर आहे. तुझ्या किचनच्या अनुभवाला तेच सर्वांत जवळचं. अशा छोट्या विषयांचे कोर्स निघतात तसे बंदही होतात. ऑस्ट्रेलियात ॲडलेड विद्यापीठाचा ल कॉर्दों ब्लू या पाककला शाळेच्या जोडीनं चालणारा गॅस्ट्रॉनॉमीचा एमए नावाजलेला होता, तो आता नाही. म्हणून पाच वर्षांपूर्वीचा कोणाचा सल्ला, माझासुद्धा, घेऊन अर्ज भरू नकोस. प्रवेशाच्या वर्षी कोर्सच्या संचालकांना थेट मेल टाक. उत्तर कसं येतं त्यावरूनही पुष्कळ कळतं.

तुझी पदवी चार वर्षांची आहे, हे अमेरिकेसाठी बरं. तीन वर्षांच्या पदवीवाल्यांना काही विद्यापीठं अडवतात. शाखेची अट बहुतेक ठिकाणी सैल असते. इंग्रजीच्या परीक्षेची नसते.

खर्च. फी आणि राहणं मिळून वीस लाखांच्या पुढं आकडा सहज जातो, लंडन-न्यूयॉर्कला बराच पुढं. कर्ज काढून, खानावळीची जागा तारण ठेवून हा मास्टर्स करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. इंजिनिअरिंगसारखा पगार समोर उभा नसतो. ब्रिटनसाठी चेवनिंग शिष्यवृत्ती बघ: किमान २८०० तास, म्हणजे सुमारे दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. तुझी पुण्याची तीन वर्षं त्यात बसतील. अनुभवाची पत्रं आत्ताच मागून ठेव. अर्ज साधारण ऑगस्टमध्ये खुले होतात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतात. शिक्षण झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायची अट आहे, ती तुझ्या वडिलांना आवडेल. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, इतर प्रवर्गांसाठी वेगळ्या योजना आहेत. त्यांत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, आणि पोलेंझोसारखी एकाच विषयाची छोटी संस्था अशा याद्यांत सहसा सापडत नाही. मुलं आधी प्रवेश घेतात, मग ही अट वाचतात. तू उलट कर.

आणखी एक वाटही आहे, आणि कोणी ती सांगत नाही कारण तिच्यात विमान नाही. शिवाजी विद्यापीठात समाजशास्त्रात किंवा इतिहासात एमए कर आणि प्रबंध अन्नावर लिही. विज्ञानाकडं कल असेल तर तिथंच अन्नशास्त्राचा विभाग आहे, म्हैसूरला सीएफटीआरआय ही केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. बीएचएमसीटीवर प्रवेश मिळतो का, ते मात्र नियम वाचून बघ. मग पीएच.डी.साठी बाहेर जा. बाहेरच्या पुष्कळ पीएच.डी.ना विद्यावेतन असतं, मास्टर्सला क्वचित. दोन वर्षं इथं काम केलेली मुलगी तिथं गेली की नोंदवह्या घेऊन जाते, बाकीची मुलं रिकाम्या हातानं.

अर्जासोबतच्या निबंधाबद्दल एवढंच सांगते. 'मला लहानपणापासून खाण्याची आवड' आणि 'माझी आजी अन्नपूर्णा' या दोन वाक्यांनी सुरू होणारे निबंध निवड समितीकडं ढिगानं येतात. तुझं पहिलं वाक्य असं असू शकतं: आमच्या खानावळीत गेल्या दहा वर्षांत संकेश्वरी मिरचीचं प्रमाण घटत गेलं आणि गिऱ्हाइकांच्या लक्षात आलं नाही, मला हे का घडलं ते शोधायचंय. (खरं असेल तरच हो. वडिलांच्या जुन्या वह्या काढून बघ.)

त्यासाठी उन्हाळ्यात डंकावर जा. चैत्र-वैशाखात वर्षाची चटणी कुटायला बायका पिशव्या घेऊन रांगेत असतात, नाकाला पदर, डोळ्यांना धारा. ब्याडगी रंगाला, गडहिंग्लजकडची जवारी संकेश्वरी चवीला, लवंगी झणक्याला. वर कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे. कोणालाही 'पारंपरिक कृती सांगा' म्हणू नकोस. तसं विचारलं की माणूस आदर्श कृती सांगतो, केलेली नाही. विचार, गेल्या वर्षी किती किलो केली? कोणती मिरची घेतली, काय भावानं? महाग पडली तेव्हा तिच्याऐवजी काय घातलं? ती चटणी किती घरांत गेली, पुण्या-मुंबईच्या लेकीला किती? 'मूठभर' म्हणाल्या तर त्यांचीच मूठ ताटलीत ओतून घे आणि वजन कर. दुसऱ्या मुठीचं वजन वेगळं येईल, तेही लिही. फोनवर रेकॉर्ड करण्याआधी परवानगी माग, आणि लेख झाला की त्यांना वाचून दाखव. परदेशातल्या विद्यापीठात यालाच क्षेत्रकार्याची नीतिमत्ता म्हणतात आणि त्यावर अख्खं सत्र घेतात.

नोकरीचं सांगायचं राहिलं. 'गॅस्ट्रॉनॉम पाहिजे' अशी जाहिरात आपल्याकडं निघत नाही. या पदवीची माणसं संग्रहालयांत, अन्नावरच्या लेखन-संपादनात, हॉटेलसमूहांच्या मेन्यू-संशोधनात, शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या सल्लागारीत, अध्यापनात विखुरलेली दिसतात. मला स्वतःला कामाची सर्वांत पक्की जागा भौगोलिक मानांकनात दिसते. अर्जात मालाचा त्या भागाशी असलेला संबंध आणि इतिहास पुराव्यानिशी मांडावा लागतो; नोंदणी दहा वर्षांची, मग नूतनीकरण; आणि मानांकन मिळाल्यावर अधिकृत वापरकर्ते नोंदवावे लागतात, तिथं बहुतेक उत्पादनं अडकून पडतात. कोल्हापुरी गुळाच्या नावाखाली बाहेरचा गूळ विकला जातो ही ओरड दर हंगामाला असते. ती थांबवायला गुळव्याचं काम समजणारं आणि कायद्याचा कागद लिहिता येणारं माणूस एकच असावं लागतं. अशी माणसं फार थोडी आहेत. सुरुवातीची वर्षं मात्र तुटपुंज्या मानधनाची जातात, हे धरून चाल. घरची खानावळ चालू आहे हे तुझं नशीब समज. ती सोडायची नाही.

तुझ्या जागी मी असते तर यंदा चेवनिंगचा अर्ज आणि शिवाजी विद्यापीठाचा प्रवेश दोन्ही भरले असते, आणि इटलीचं माहितीपत्रक सध्या कपाटात ठेवलं असतं. प्रश्न सापडला की दोन पानं लिहून काढ. आधी मराठीत लिही, वडिलांना वाचून दाखव. ते मध्येच तोडून 'असं नव्हतं, त्या वेळी आम्ही...' म्हणायला लागले तर पेन खाली ठेवू नकोस. ती तुझी पहिली मुलाखत.